सेवेला निघालेल्या मुलीला कोणते प्रश्न विचारायचे?

अचलपूर तालुक्यातल्या एका गावातली, जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आपल्या चर्चच्या गटासोबत दोन आठवड्यांसाठी केनियाला चालली आहे. तिथल्या खेड्यातल्या दवाखान्यात मदत, लहान मुलांचे वर्ग, संध्याकाळी प्रार्थनासभा असा कार्यक्रम आहे. बातमी एवढीच, पण तिच्यावरून चावडीपासून बसस्टँडपर्यंत जो वाद पेटला आहे तो दोन्ही बाजूंनी इतका वाईट लढवला जातोय की मला गप्प बसवत नाही. एक बाजू म्हणते, "इथं सोयाबीन पान्यात गेलं, अन् पोरगी चालली आफ्रिकेत सेवा कराले!" लगेच पुढचा सवाल, "पैसा कोन देऊन रायला?" आणि त्यापुढे आवाज खाली आणून धर्मांतराची गोष्ट. दुसरी बाजू, म्हणजे तिच्याच मंडळीतले, तिच्या चर्चच्या सभासदांतले बरेच जण, एका वाक्यात सगळं मिटवतात : देवाची हाक आली आहे, माणसानं प्रश्न विचारू नयेत.

मी ख्रिस्ती नाही, पण माझं मत सरळ सांगतो. तिनं जावं. तो तिचा हक्क आहे आणि त्यासाठी तिला गावाची परवानगी लागत नाही. मात्र हक्क आहे म्हणून प्रश्न संपत नाहीत, आणि हे प्रश्न विचारायला आपल्याइतकं लायक कुणी नाही. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नागपुरात आला, तेव्हापासून हा मुलूख मिशनऱ्यांचा यजमान आहे. यवतमाळला तर १९८३ साली पुण्याला हलेपर्यंत पाळक घडवणारं एक मोठं बायबल महाविद्यालय होतं. अचलपूरजवळच्या कोठाऱ्याचा कुष्ठरोग दवाखाना आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. बाहेरून आलेल्यांपैकी कोण खरोखर उपयोगी पडला, कोण उपदेश करून निघून गेला, कुणी आपली भाषा शिकली आणि कुणी आपल्या दैन्याचे फोटो काढून नेले, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. आता आपली मुलगी पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या दारात उभी राहणार. यजमानाचा हा अनुभव तिला देणं हीच तिची खरी तयारी. ती ना गाव करून घेतंय, ना चर्च.

आधी एक आकडा, जो दोन्ही बाजूंनी बघायला हवा होता. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत सुमारे ८५ टक्के लोकांनी स्वतःची नोंद ख्रिस्ती म्हणून केली आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक एक टक्क्यालाही किंचित कमी भरतात. मग एक टक्का असलेल्या समाजातली मुलगी ८५ टक्के असलेल्या देशात जाऊन कुणाला बाटवणार? धर्मांतराचा कट म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. पण हाच आकडा तिच्या पाठीराख्यांनाही अडचणीत आणतो. अंधारात उजेड न्यायला चाललो, असं निरोपाच्या प्रार्थनेत म्हणायचं आणि जायचं तिथे, जिथे दर रविवारी आपल्यापेक्षा कितीतरी मोठी गर्दी चर्चमध्ये असते? तिथल्या खेड्याला ख्रिस्ताची ओळख करून द्यायला अचलपूरहून कुणी जायची गरज नाही. जायचंच तर शिकायला आणि हातभार लावायला जायचं, आणि मग तयारीही वेगळी लागते.

आता आक्षेपांकडे येतो. त्यात दम आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिक ठरेल. घरचं सोडून बाहेर कशाला, हा पहिला. अचलपूरच्या उत्तरेला डोंगर चढला की मेळघाट. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतलं बालकांचं कुपोषण १९९० च्या दशकापासून देशाला माहीत आहे आणि अजून मिटलेलं नाही. तिथे नर्स कमी पडतात. अशा वेळी विमानाचं तिकीट काढून दोन आठवडे सेवा करण्यात काय अर्थ, हा प्रश्न कुणी दुष्टपणे विचारत नाही. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच वादळानंतर परदेशी चर्चच्या गटांनी जाऊन घरं बांधली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्यांचा प्रवास धरून एका घराचा खर्च सुमारे ३०,००० डॉलरवर गेला होता. तसंच घर स्थानिक संस्था सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. या हिशेबाला भक्तीचं उत्तर चालत नाही.

पण आक्षेप घेणारे हा नियम सगळ्यांना लावतात का? आपली पोरं हिंजवडीला आणि दुबईला जातात तेव्हा आपण पेढे वाटतो, मेळघाटची आठवण कुणी काढत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, तेव्हा मोझरीतली कामं आधी संपवा असं आपल्या आजोबांनी म्हटलं का? अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि गडचिरोलीत बसले. बाहेर घालवलेला काळ गडचिरोलीच्या वाट्यातून वजा झाला, असं कोण म्हणेल? माणसाची माया ठरावीक मापाची नसते, की तिकडे ओतली म्हणून इकडे कमी पडावी. प्रश्न इतकाच राहतो की ती इकडेही आहे का. या मुलीच्या बाबतीत आहे. तिची ग्रामीण पोस्टिंग तिने ज्या आस्थेने केली, ते त्या वॉर्डात आपला माणूस ठेवलेल्या कुणालाही विचारा. ज्याला धारणीचा रस्ता माहीत नाही आणि नैरोबीचा सेल्फी हवा आहे, अशा तरुणाला जरूर अडवा. हिला त्याच काठीनं झोडपू नका.

आणि थोड्या दिवसांचं काम नेहमीच फुकट जातं असंही नाही. १९५० च्या दशकात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आले. त्यांनी कुष्ठरुग्णांच्या बरोबरीनं बांधकामावर घाम गाळला आणि त्यांच्यासोबत जेवले. भिंती तर उभ्या राहिल्याच, पण कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी विकत घ्यायला कचरणाऱ्या आसपासच्या लोकांचीही नजर त्यातून बदलायला लागली. हे का जमलं? काम काय करायचं हे बाबा आमट्यांनी आणि तिथल्या रुग्णांनी ठरवलं होतं आणि पाहुण्यांनी ते निमूटपणे केलं. होंडुरास आणि आनंदवन यांतला फरक पाहुण्यांच्या मनाच्या चांगुलपणात नव्हता. काम कुणी ठरवायचं, यात तो होता.

दुसरा आक्षेप पैशाचा. इथे आपल्या भागाची जुनी जखम आहे आणि ती खोटी नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळले, तेव्हा मिशनच्या अनाथालयांनी हजारो पोरं उचलली. खुद्द पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन उपासमारीतल्या मुलींना केडगावला घेऊन गेल्या. त्या मुली जगल्या, शिकल्या, हातात कसब घेऊन उभ्या राहिल्या. पण भुकेल्या पोराच्या तोंडात घास आणि कानात प्रार्थना एकाच वेळी गेली, तर त्या पोराची निवड कुठे राहिली? रमाबाईंबद्दल पराकाष्ठेचा आदर ठेवूनही हा प्रश्न विचारावाच लागतो. पुढे १९५४ साली, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी आणि विदर्भाचे जिल्हे त्याच राज्यात असताना, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी करणारी समिती नेमली गेली. तिच्या १९५६ च्या अहवालात परदेशी पैसा आणि आमिषाचं धर्मांतर हेच मुख्य आरोप होते. अहवालाच्या शिफारशी मला अतिरेकी वाटतात. तरी चावडीवरची शंका काही कालच्या मेसेजमधून जन्मलेली नाही, तिला इतिहास आहे, हे चर्चनं मान्य केलं पाहिजे.

मात्र या वेळी पैशाची दिशा तरी बघा. तो बाहेरून येत नाहीये, इथून जातोय. या मंडळीच्या हंगामाच्या उपासनेला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. लोकांनी घरून आणलेली तूर, ज्वारी, कोंबड्या, मेथीच्या जुड्या वेदीसमोर मांडल्या होत्या. उपासना संपली आणि अंगणात लिलाव सुरू झाला. एक मोठं कोहळं आलं. एका शेतमजुरानं बोली जिंकली, पैसे मोजले आणि कोहळं पुन्हा टेबलावर ठेवून म्हणाला, "घ्या, विका अजून." ते कोहळं असंच हातोहात फिरत राहिलं आणि दर वेळी डब्यात नोटा पडत गेल्या. त्या डब्यातला वाटा या मुलीच्या तिकिटात आहे. मिझोरमच्या चर्चमध्ये १९१० पासून बाया रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात आणि त्या मुठीवर त्यांचे मिशनरी दूरदूर काम करतात. अशा पैशाला परदेशी कट म्हणणं हा त्या शेतमजुराचा अपमान आहे. पण तो अपमान टाळायचा सोपा मार्ग मंडळीच्या हातात आहे. किती जमले, तिकिटाला किती, तिथल्या दवाखान्याला किती, एवढा कागद चर्चच्या दारावर लावा. ज्यांनी घाम गाळून दिले त्यांनाही तो बघायचा हक्क आहे. आणि केनियानं २०२४ पासून व्हिसाऐवजी जो ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला आहे, त्यात जाण्याचं खरं कारण लिहा. पर्यटक म्हणून शिरून प्रचार करणाऱ्या परदेशी माणसाबद्दल आपल्याला काय वाटतं, हे आठवलं तरी पुरे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे. दुसऱ्याला आपला धर्म सांगायला जाणं म्हणजे त्याचा धर्म अपुरा समजणं, यात उद्धटपणा नाही का? वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहणाऱ्या गांधीजींचं मत जवळपास हेच होतं. मिशनऱ्यांच्या सेवेचं त्यांना मोल होतं, धर्मांतर मात्र त्यांना नको होतं. मला हे मत आदरणीय वाटतं, पण ज्या मातीत १४ ऑक्टोबर १९५६ घडला, तिथल्या माणसाला ते पूर्ण पटणं अवघड आहे. बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह नागपुरात धम्मदीक्षा घेतली, ती प्रौढ माणसाला धर्म तपासण्याचा, सोडण्याचा आणि निवडण्याचा अधिकार आहे म्हणूनच. निवडायचं तर आधी कुणीतरी सांगावं लागतं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं त्या दिवशी नागपुरात शोकाकुल सभांना धीर देणारा भिक्खू संघरक्षित इंग्रज होता. पुढे जपानहून आलेले सुरई ससाई नागपूरचेच झाले. महानुभाव तर शेकडो वर्षांपूर्वी आपल्या रिद्धपूरच्या परंपरेतून उत्तरेत पंजाबपर्यंत गेले आणि तिथे जयकृष्णी म्हणून रुजले. हे सगळे धर्म सांगायलाच गेले आणि आले होते. त्यांना वंदन आणि या मुलीला संशय, असं का?

तरीही सांगणं कुठे थांबतं याची रेषा हवीच. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की घटनेच्या २५व्या कलमातला प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. त्या निकालावर कायदेपंडित भांडतात, पण नीती म्हणून मला ती रेषा परदेशातही पाळण्यासारखी वाटते. विचारलं तर सांगा, आमिष दाखवू नका. आणि समोर रुग्ण किंवा लहान मूल असेल तर आणखी एक पाऊल मागे राहा. ज्याच्या हातात तुम्ही गोळी ठेवणार आहात तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. म्हणून दवाखान्याच्या रांगेत पत्रिका वाटू नये, आणि मुलांच्या वर्गाला आईबापाची परवानगी असावी. हे ख्रिस्ती गटांना लागू आहे तसंच आपल्या आश्रमशाळांत शिरणाऱ्या प्रत्येक संघटनेलाही.

आता हाकेबद्दल. देवाची हाक येते यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण हाक आली म्हणजे तयारी आपोआप होते हे कुठल्या संतानं सांगितलं? फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला आणि त्याचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. मधली ३७ वर्षं तो मराठी मुरवत होता. कोरकू आदिवासींमध्ये काम करणाऱ्या जॉन ड्रेकनं १९०३ साली कोरकूचं व्याकरण छापलं. हिस्लॉपनं गोंडांची लिंगोची गाणी टिपून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला, आणि त्याच्या टिपणांचं पुस्तक त्याच्या मागे निघालं. या माणसांच्या धर्ममतांशी तुमचं जमो न जमो, आधी ऐकायचं आणि मग बोलायचं हा त्यांचा क्रम होता. आपल्याच मातीतले, शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि कीर्तनाला रात्री उभे राहत. उलट, २०१८ साली अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर गेलेल्या तरुण अमेरिकन मिशनऱ्याकडे हाकेची खात्री ओतप्रोत होती. बेटावरच्यांना कुणी बाहेरचा नको आहे हे साऱ्या जगाला ठाऊक होतं, कायदाही मना करत होता. त्याचा जीव गेला, आणि त्याच्याबरोबर आलेला एखादा साधा आजारही त्या मूठभर लोकांचा घास घेऊ शकला असता.

या मुलीची तयारी मी पाहिली आहे. दर शनिवारी गट जमतो. पाच मिनिटांची साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची गोष्ट, पाठ करून घेतात, गाणी बसवतात, नाटुकलं बसवतात. पासपोर्टसाठी शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं वडिलांचं नाव जुळवण्यात बरेच हेलपाटे झाले. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तीही झाली. पण स्वाहिली शिकवायला कुणी नाही. तिनं स्वतःच मोबाइलवर ऐकून दोनशे पानी वहीत देवनागरीत शब्द उतरवलेत : माजी म्हणजे पाणी, दावा म्हणजे औषध, 'उनाउम्वा वापी?' म्हणजे कुठे दुखतंय? या वहीसाठी गटानं एकही शनिवार दिलेला नाही. लुडविग क्राफ हा मिशनरी १८४४ साली केनियातल्या मोंबासाला पोचला आणि त्यानं स्वाहिलीचा कोश रचला, हे तिच्या पाळकांना माहीत असेल तर नाटुकल्याचा वेळ वहीला द्यायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. ती अजून विद्यार्थिनी आहे, तिची नोंदणी झालेली नाही. बोगस डॉक्टरांविरुद्ध आपण इथे मोर्चे काढतो, मग तिकडच्या खेड्यात विनानोंदणी हातानं सुई टोचलेली कशी चालते? तिनं बीपी मोजावं, तिथल्या नर्सच्या हाताखाली जे सांगतील ते करावं, त्यापलीकडे जाऊ नये. गरीब देश हा सराव करण्याची जागा नव्हे. हे मी तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "सर, आमच्या मॅडमबी तेच म्हणाल्या." तिच्या मॅडमना माझा नमस्कार.

फोटोंचंही तेच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातल्या आपल्या पोरांचे बरगड्या दिसणारे फोटो युरोप-अमेरिकेच्या मिशन मासिकांत छापले जात आणि त्यावर वर्गण्या जमत. ती पोरं आपल्यातल्याच कुणाची पणजी-पणजोबा होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता आपल्या हातात मोबाइल आहे आणि समोर काळं पोर. इथे आपल्या समाजाचं एक नागडं सत्य बोलायला हवं. आपण रंगावरून माणूस जोखतो. लग्नाच्या जाहिरातीपासून शाळेतल्या टोपणनावापर्यंत ते चालतं. २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं, ते करणारे आपलेच देशबंधू होते. हा रोग बरोबर घेऊन केनियाला गेलो तर आपल्या सेवेत दया असेल, आदर नसेल. शनिवारच्या वर्गात याचा एक शब्द निघत नाही.

खरं तर महाराष्ट्रातून केनियाला जाण्याची वाट नवी नाही आणि तिची कहाणी या गटाला तोंडपाठ असायला हवी होती. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकजवळच्या शरणपुरात वाढली आणि शिकली. मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत मेला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७५ च्या सुमारास यांतलेच अनेक जण मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला गेले आणि शिक्षक, धर्मशिक्षक, कारागीर झाले. केनियातलं सुरुवातीचं चर्च ज्यांच्या श्रमांवर उभं राहिलं त्यांत हे नाशिककर आफ्रिकन होते. श्रेय आणि अधिकार मात्र बराच काळ गोऱ्या मिशनऱ्यांकडे राहिले. ज्या मंडळींकडे ही मुलगी चालली आहे त्यांचं आपल्याशी असलेलं हे जुनं नातं सांगितलं, तर मदत करायला आलो हा तोरा आपोआप उतरेल.

म्हणून माझी एक सूचना आहे आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच गैरसोयीची आहे. पुढच्या हंगामाच्या लिलावातून जमेल तो पैसा तिकडच्या दवाखान्यातली एक नर्स इकडे आणायला वापरा. तिला मेळघाटात आशाताईंबरोबर पाड्यापाड्यांतून फिरू द्या, मंडळीत बोलू द्या, आणि आमच्यात काय चुकतंय हे तिला सांगू द्या. आपल्या सरकारचे व्हिसाचे नियम कडक आहेत, धर्मकार्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. तेव्हा कागदपत्रं खरी करा आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहा. जाणाऱ्या मुलीला आशीर्वाद देणाऱ्या पाळकांनी येणाऱ्या बाईचं ऐकून घेण्याची तयारी आतापासून करावी. आणि चावडीवर "पैसा कोन देऊन रायला?" विचारणाऱ्यांनी त्या वेळी तिच्या राहण्या-जेवणाची सोय कुणाच्या घरी करायची, ते आत्ताच सांगावं. माझ्या घरची एक खोली मी देतो.